दाराजवळची चार बटणं

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मास्तरीणबाई एका पँटची शिलाई उसवत होत्या. ट्रेलरमध्ये दिवा नव्हता, कारण शुक्रवारी मुलाने बॅटरीची जाड वायर काढून खिशात घालून नेली होती. त्यांनी खिडकीचा पडदा दोरीने वर बांधला, स्टूल उजेडात ओढलं आणि ब्लेडच्या टोकाने एकेक टाका तोडायला घेतला. पायमशीनला वीज लागत नाही हे मुलाच्या ध्यानात आलं नसावं. किंवा आलं असेल आणि त्याला वाटलं असेल, अंधारात बसून आई आपोआप कंटाळेल. आईला इतकी वर्षं बघूनही त्याला असं वाटलं, याचाच त्यांना जास्त राग होता.

ट्रेलर हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी उभा होता. आठवड्याचे पहिले तीन दिवस तो तिथे असतो. नर्सेसचे गणवेश, वॉर्डमधल्या लोकांच्या पँटी, एखाद्या डॉक्टरचा कोट. पुढचे दोन दिवस बस डेपोसमोर, ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी. पिकअपमागे जोडून ओढायचं हे दोन चाकांचं घर मुळात सुट्टीला जाणाऱ्या माणसांसाठी बनवलेलं. ते नवऱ्याने जुनं विकत घेतलं तेव्हा त्यात गादी, ओटा आणि मासे पकडायच्या काठ्यांसाठी लांबट कपाट होतं. वडिलांच्या दुकानाची इमारत पाडायला निघाली होती आणि दोघांना मिळून एक मशीन, एक इस्त्री आणि कापायचं टेबल कुठेतरी ठेवायचं होतं. काठ्यांच्या कपाटात कापडाचे तागे बसले. नवरा गाडी चालवायचा, त्या शिवायच्या. नवरा गेल्यावर त्या दोन्ही करू लागल्या. वडील शिंपी, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. धंदा त्यांच्याकडे आला तेव्हा लोकांनी त्या शब्दाला फक्त ‘ईण’ जोडलं.

भांडण झालं ते दाराजवळच्या बटणांवरून.

दारातून आत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर चार सपाट बटणं आहेत. बाहेरचा दिवा, पाण्याचा पंप, कापडी शेड आणि सरकती खोली. शेवटची दोन मोटरवर चालतात. शेडचं बटण दाबलं की ट्रेलरच्या बाजूने गुंडाळलेलं कापड दोन लोखंडी हातांवर बाहेर येतं. सरकत्या खोलीचं दाबलं की मागची भिंत पलंगासकट बाहेर सरकते आणि झोपायला जागा होते. एकदा दाबलं की मोटर शेवटपर्यंत जाते. मध्येच थांबवायचं तर पुन्हा दाबायचं.

मागच्या महिन्यात एका दुपारी वारा सुटला म्हणून मास्तरीणबाईंनी स्वतः शेड बंद केली होती. आत एकाचा कोट बेतायचं काम चालू होतं, बाहेर हॉस्पिटलचा जनरेटर घरघरत होता. शेड आपोआप उघडली. वाऱ्याने ती उचलली, लोखंडी हात वाकला आणि खाली रांगेत उभ्या असलेल्या एका नर्सच्या खांद्यावर आदळला. हाड वाचलं, खांदा सोलवटला. नर्स म्हणाली, "आत जाऊन मलमपट्टी करून येते, माझा नंबर धरा." पण रांगेतला एक जण मुलाच्या ओळखीचा होता, आणि संध्याकाळपर्यंत मुलगा हजर.

"आई, बटण बंद करायला विसरलीस."

"मी बंद केलं होतं."

"मग उघडलं कोणी?"

बटणच सैल असेल, असं त्या म्हणाल्या. गॅरेजवाल्याने ते उघडून पाहिलं आणि ठणठणीत आहे म्हणून सांगितलं.

"वय झालंय तुझं," मुलगा म्हणाला. "होतं असं. मागची खोली रिकामी केलीय तुझ्यासाठी. खिडकी आहे, टीव्ही आहे."

"टीव्हीचं माप घेऊ का?"

"आज खांदा होता. उद्या कुणाचं डोकं असेल."

इथे मात्र त्या गप्प बसल्या, कारण ते खरं होतं. मुलगा त्या गप्प बसण्याला होकार समजला. त्याने फाटकासमोरच्या कॉफीवाल्याशी ट्रेलर विकायचं बोलणं केलं. त्याला ठेल्याऐवजी ट्रेलर हवाच होता. आज दहा वाजता दोघं ट्रेलर बघायला येणार होते. शुक्रवारी निघताना, पुन्हा काही होऊ नये म्हणून मुलाने वायर काढून नेली होती. पिकअपची किल्ली तेवढी राहिली, कारण ती बाईंच्या कंबरेला असते.

सात वाजता स्ट्रेचरवाला आला. वॉर्डातून वॉर्डात पेशंट नेणारा, उंच, एक पाय किंचित आखूड असलेला माणूस. त्याच्या पँटीचे दोन्ही पाय वेगवेगळ्या मापाचे ठेवावे लागतात आणि तो दर वेळी आठवण करून देतो, जणू बाई विसरतील.

"मावशी, डावा कमी."

"मागच्या वेळेलाही डावाच होता. उभा राहा स्टुलावर."

त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या, दोन्ही पायांची दुमड घातली, उठल्या आणि पँट कशी पडते ते बघायला मागे सरकल्या. ही त्यांची लहानपणापासूनची सवय. कापड जवळून बघून कळत नाही, मागे सरून कळतं, असं वडिलांनी शिकवलेलं. दुकानात मागे सरलं की पाठ भिंतीला टेकायची. पाठ टेकली की अंतर बरोबर.

पाठ टेकली. टक्.

"दिवा लागला की काय?" स्ट्रेचरवाल्याने विचारलं.

मास्तरीणबाईंनी वळून पाहिलं. बॅटरीला वायर नव्हती, त्यामुळे काहीच हललं नाही. पण शेडचं बटण आत गेलेलं होतं. त्यांनी ते पूर्ववत केलं, पुन्हा स्टुलाशी गेल्या आणि पुन्हा मागे सरकल्या. टक्. खांद्यामागचं हाड बरोबर तिसऱ्या बटणावर येत होतं. डाव्या अंगाला जरा जास्त कललं की चौथ्यावर.

"काय करताय मावशी?"

"चोर पकडतेय," त्या टाचण्यांमधून म्हणाल्या. "हलू नकोस."

त्याची पँट शिवता शिवता त्या धागा जुळवत गेल्या. कोट बेतताना दर वेळी मागे सरावं लागतं. त्या दुपारीही सरल्या असणार. बटण सैल नव्हतं आणि त्या विसरल्याही नव्हत्या. विसाव्या वर्षीही त्या अशाच मागे सरत होत्या, तेव्हा मागे नुसती भिंत होती इतकंच. ज्याने हा ट्रेलर बनवला त्याच्या डोळ्यांसमोर सुट्टीवर आलेलं कुटुंब होतं. त्या कुटुंबात भिंतीला पाठ लावून पँट बघणारं कोणी नसणार.

ही गोष्ट त्यांना कोणालाही न सांगता गिळून टाकता आली असती. तसा विचार मनात आला, हेही खरं. मग त्यांना रांगेतली ती नर्स आठवली आणि त्यांनी खालचा खण ओढला.

खणात वडिलांच्या काळातली लाकडी रिळं होती. दोरा संपला तरी टाकलेली नव्हती. शेडच्या दुरुस्तीतून उरलेलं जाड कापड होतं. डब्यात जुन्या ओव्हरकोटाची बटणं होती. आधी त्यांनी बटणांची पट्टी स्क्रूड्रायव्हरने सोडवली आणि मागच्या वायरी कुठून जातात ते पाहून भिंतीवर खडूने रेघ मारली. रेघेच्या पलीकडे त्यांनी लांब स्क्रू आणि वायसर लावून रिळं भिंतीत बसवली, शेड आणि सरकत्या खोलीच्या बटणांच्या दोन्ही बाजूंना, उभी, बटणांपेक्षा चांगली बोटभर पुढे आलेली. आता पाठ टेकली तर रिळांना टेकणार होती. त्यावरून आतून बक्रमचं ताठ अस्तर घातलेला कापडी फ्लॅप ताणून बसवला, कोटाच्या खिशाला असतो तसा. खाली काज केलं आणि ओव्हरकोटाचं बटण लावलं. दिवा आणि पंप उघडेच ठेवले. दिवा चुकून लागला तर कुणाचा खांदा सोलवटत नाही.

त्यांच्या हातचं बटण आजवर कुणाच्या अंगावर आपोआप उघडलं नव्हतं. भिंतीवरचं तरी का उघडावं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

दहाला मुलगा आला. मागे कॉफीवाला, दरवाजा भरून उरणारा माणूस. आत शिरताच तो जागा डोळ्यांनी मोजू लागला.

"इथे मशीन येईल," तो म्हणाला.

"इथे मशीन आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बसायचं तर स्टुलावर बसा."

मुलाने फ्लॅप पाहिला. "हे काय शिवलंस?"

"वायर आणलीस?"

"आई, ते आता..."

"वायर लाव, मग सांगते."

त्याने बाहेर जाऊन वायर लावली. वादात पडण्यापेक्षा ते सोपं होतं. तो परत आला तशा त्या म्हणाल्या, "शेड मीच उघडली त्या दिवशी. पाठीने. माप बघायला मागे सरकले आणि दाबलं गेलं. आज पुन्हा झालं, तेव्हा कळलं."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच."

"तू वय म्हणत होतास. मी पाठ म्हणतेय. वयाला मी काही करू शकत नाही. पाठीसाठी हे केलंय." त्या कॉफीवाल्याकडे वळल्या. "तुम्ही टेका."

"मी?"

"तुमच्यापेक्षा मोठी पाठ या फाटकापाशी नाही."

कॉफीवाला ओशाळून हसला आणि भिंतीला टेकला. आधी जपून, मग सगळं वजन टाकून. रिळं करकरली. बाहेर काहीच हललं नाही. त्याने कोपर घासून पाहिलं, पिशवी आपटून पाहिली. नंतर तर त्याला मजाच वाटू लागली.

"पुरे, भिंत माझी आहे," बाई म्हणाल्या.

मुलगा मात्र फ्लॅपचं बटण काढायची खटपट करत होता. नवीन काज, घट्ट. बोटं सरकत होती, बटण निघत नव्हतं.

"शाळेत असताना शर्टाचं बटणही तुला असंच निघायचं नाही," बाई म्हणाल्या. "दोन ओढून तोडलीस."

"हसू नकोस. समज, शेड बाहेर येतेय आणि खाली कोणीतरी उभं आहे. थांबवायची कशी? काज सोडवत बसणार?"

मास्तरीणबाई ताडकन त्याच्याकडे वळल्या. कॉफीवाल्याला वाटलं आता जोरात भांडण होणार, म्हणून तो दाराकडे सरकला. पण बाईंनी कात्री घेतली आणि ओव्हरकोटाचं बटण कापून टाकलं.

"हे तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "टिचबटण लावते. ओढलं की उघडेल, टेकून उघडणार नाही. दुलईला लावतात तसलं, मोठं." त्यांनी डब्यातून टिचबटण शोधलं, दोन्ही वाट्या चार-चार घट्ट टाक्यांनी बसवल्या आणि मुलाचा हात धरून फ्लॅपवर ठेवला. "ओढ."

त्याने ओढलं. फट् आवाज झाला, फ्लॅप उघडला. त्याने लावला, परत उघडला, सात-आठ वेळा तरी. शेवटी शेडचं बटण दाबून मोटर चालू केली, लोखंडी हात हलताच फ्लॅप लावून टाकला, पुन्हा ओढला आणि मोटर थांबवली. मग शेड परत आत घेतली.

"आणि तरीही काही झालं तर?"

"तर किल्ली मीच यांच्या हातात देईन." त्यांनी कॉफीवाल्याकडे बोट केलं. "तुला सांगायची वेळ येणार नाही. पण तोवर माझ्या बॅटरीला हात लावायचा नाही. मी जिवंत असताना माझ्या घरातली वायर काढून नेतोस आणि मला विसरभोळी म्हणतोस."

मुलाने फ्लॅपचं टिचबटण दाबून लावलं. मग म्हणाला, "ती खोली रिकामीच आहे पण."

"असू दे. दमले की येईन. मी दमलेय का ते मी सांगेन."

कॉफीवाल्याने घसा साफ केला. "मास्तरीणबाई, ट्रेलरचं राहू दे. माझ्या या पँटीला पोटाशी काही करता येईल का?"

"काढून ठेवा. इथे नाही, ठेल्यामागे जाऊन बदला."

दोघं गेल्यावर त्यांनी फ्लॅपवर हात फिरवला. टाके जरा वाकडे आले होते. घाईत घातले होते. उसवून सरळ करावेत असं त्यांना वाटलं, पण रांगेत तीन जणी येऊन उभ्या होत्या, म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले.

उद्या सकाळी साडेसहाला ट्रेलर याच फाटकाशी असेल, शेड आत गुंडाळलेली. सात वाजता ती नर्स दोन गणवेशांची उंची कमी करून घ्यायला येणार आहे, आणि त्या दुपारी बटण कोणी दाबलं हे तिला माप घेण्याआधी सांगायचं मास्तरीणबाईंनी ठरवलं आहे.