तेवढीच पट्टी

तुरुंगाच्या फाटकासमोर मी व्यसनमुक्तीची पत्रकं वाटत होते. नवेगाव बांधहून आलेली एक मावशी लेकाच्या सुटकेची वाट बघत बसली होती. तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती. दुखण्यावरच्या, पण पोरं नशेसाठी खातात त्या! पदरानं ती पट्टी पुसत होती.

मी विचारलं, "मावशी, ह्या कोणासाठी?"

"पोरासाठी. पकडला तवा गोळीबिना लय तडफडला. मायच्यानं पाहवते का, बाई? पहिले खाये तेवढीच आणली."

मी सांगितलं, आत राहून त्याच्या शरीराची सवय मोडलीय. आता तेवढ्याच घेतल्या तर श्वास थांबेल, मरेल तो.

तिनं पट्टी पुसणं थांबवलं. मग माझ्यावरच उखडली. "त्याची चप्पल, पट्टा सांभाळून वापस देतेत. मंग हे काऊन नाही सांगत कोनी?"

तिचं खरंच होतं. एवढं एक वाक्य सांगायला सरकारी मंजुरी लागते का?

फाटक उघडलं. लेक आला आणि पाया पडायच्या आधीच पुटपुटला, "माय, आणलं का?"

पाठीमागे हात नेऊन तिनं पट्टी माझ्या मुठीत कोंबली.

"नाही आणलं," ती म्हणाली. "चाल घरी."