फाटकाची कडी

मुकुंदवाडीतला आमचा शेजारी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फोरमन होता. मी साथरोगांच्या वॉर्डातून घरी आलो की तो आपल्या फाटकाशी उभा असायचा आणि अगदी मऊ आवाजात विचारायचा, "काय डॉक्टरसाहेब, आज कुणाकुणाला हात लावला?"

मी सांगायचो, कॉलरा, कावीळ, कधी घटसर्प. तो हसून चहाचा कप सरळ माझ्या हातात द्यायचा. साथीपेक्षा लोकांची भीती आवरणं अवघड, असं मी आरोग्य खात्याच्या बैठकांत तावातावानं बोलायचो, तेव्हा या निर्भय माणसाचं उदाहरण द्यायचो.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी निघालेल्या मोर्चावर लाठ्या चालल्या, त्या दिवशी आमचाही वॉर्ड जखमींनी भरला. संध्याकाळी त्यानं तेच विचारलं.

"आज रोगबिग काही नाही," मी म्हणालो. "बौद्ध वस्तीतली पोरं होती. डोकी फुटलेली."

पुढं केलेला कप त्यानं मागं घेतला. हसू तसंच, आवाज तसाच मऊ. "मग आधी आंघोळ करून या, साहेब."

मी न धुतलेल्या हातानं त्याचं फाटक ओढलं आणि कडी नीट लावली.

सकाळी निघालो, तर तो बादली घेऊन तीच कडी घासत बसला होता. मला पाहून हसला.

"निघाले व्हय, डॉक्टरसाहेब?"