चपला काढल्यावर चालू होणारी गाडी

आमची गाडी माझ्या नावावर आहे. कागद माझ्या कपाटात आहेत, गॅरेज माझ्या घराला लागून आहे. आणि तरीही गेली बावीस वर्षं ती चालू व्हायची फक्त माझ्या ताईच्या हातून. हे लिहितानाही पोटात दुखतंय, म्हणून आधीच सांगून टाकतो: मला माझ्या सख्ख्या बहिणीचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला घसघशीत.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे तिनं सगळी नोकरी काढली. खिडकीतून चिठ्ठी आत यायची, ताई पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या रेघा ओढून गोळ्या बाहेर द्यायची. "जेवणानंतर. उपाशीपोटी नाही. कळलं?" हे 'कळलं?' तिच्या जिभेला कायमचं चिकटलं. लग्न तिनं केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. बाबा गेले तेव्हा माझा संसार नवा होता. ताई आपणहून गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. "तुम्हाला जागा लागेल," म्हणाली. जागा खरंच लागत होती, म्हणून आम्हीही फार आग्रह केला नाही. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली.

गाडी बाबांची. बाबा कारखान्यात फोरमन होते. मालकांनी कारखाना विकला आणि जाताना आपली मोठी गाडी बाबांना देऊन टाकली. गडद हिरवी, लाकडी डॅशबोर्डची, मागच्या सीटसमोर उघडमिट होणारी दोन छोटी टेबलं असलेली. आमच्या तीन खोल्यांच्या घरासमोर ती उभी राहिली की घरच गाडीचं आउटहाऊस वाटायचं. तिच्यावर बाबांचा जीव होता. मी सतरा वर्षांचा असताना मित्रांपुढे मिरवायला ती न विचारता बाहेर काढली आणि फाटकाच्या खांबावर घातली. मडगार्ड चेपलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत. केवढं मोठं मन, असं मला तेव्हा वाटलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी ताईला गाडी शिकवायला सुरुवात केली.

बाबांच्या मागे रविवार ताईचा झाला. साडेआठच्या बसनं ती यायची. पिशवीत फडकी, टायरची हवा बघायचं मीटर आणि स्वतःचा चहाचा कप. आमच्या घरात कप नाहीत असं नाही. तेलाची पट्टी काढून पुसायची, पुन्हा बुडवायची, डोळ्यांजवळ धरून बघायची. रेडिएटरमध्ये पाणी, दारांच्या बिजागऱ्यांना तेलाचे दोन थेंब, तिसरा नाही. मग दार उघडून बसायची, खाली वाकून चपला काढायची, सीटखाली सरकवायची आणि अनवाणी पायानं पेडल दाबून सेल्फ मारायची. पहिल्या सेल्फला गाडी चालू! बाबाही बूट काढूनच चालवायचे. चपला काढल्याशिवाय ही गाडी चालू होत नाही, असं आमच्या घरात सगळेच मानत होते. माझी मुलगी तर शाळेतही सांगून आली होती.

मग ताई आम्हा सगळ्यांना तासभर फिरवून आणायची. मी माझ्याच गाडीत पाहुण्यासारखा शेजारी. कोपऱ्यावरचा फळवाला दर रविवारी हात करायचा, "ताई, तुमची गाडी काय चमकतेय!" तुमची! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मला एकच हवं होतं. ती गाडी एकदा माझ्या हातानं चालू व्हावी. मेकॅनिकला बोलावता आलं असतं, पण त्याच्या हातून चालू झाली असती तर माझी आणखी शोभा. म्हणून अधूनमधून गॅरेजचं दार लावून मी एकटाच बसायचो. बूट काढले. जमलं नाही. मोजे काढले. भर थंडीत गारठलेल्या पायांनी पेडल दाबत राहिलो. चोक अर्धा ओढला, पूर्ण ओढला. सेल्फ नुसता घुर्र घुर्र करायचा, इंजिन ढिम्म. बायको दारातून म्हणायची, "पाय धुऊन बघा एकदा."

रविवारी ताई वास घ्यायची. "पेट्रोलचा वास येतोय. कुणी सेल्फ मारत बसलं होतं का?"

"नाही बुवा," मी म्हणायचो, आणि माझी मुलगी तोंड दाबून हसायची.

एकदा सगळा मान गिळून विचारलं, "ताई, मला का जमत नाही?"

"तू घाई करतोस," ती म्हणाली. "तिला घाई चालत नाही. कळलं?"

गेल्या महिन्यात पुढच्या सीटच्या स्प्रिंगा बसल्या. मी एका बुधवारी कुशनवाल्याला बोलावलं. त्यानं ड्रायव्हरच्या सीटची गादी उचलून बाहेर ठेवली, आत डोकं घातलं आणि विचारलं, "साहेब, हे बटण चालू ठेवू की बंद?"

"कसलं बटण?"

सीटच्या सांगाड्याला आतून एक पितळी बटण स्क्रूनं बसवलेलं होतं, चपला सरकवणाऱ्या हाताला बरोबर लागेल अशा ठिकाणी. त्याच्या दोन वायरी गालिच्याखालून इंजिनाकडे गेल्या होत्या. वायरींवर बाबांच्या हातची काळी चिकटपट्टी, तिरकी, एकावर एक चढवलेली. तशी पट्टी फक्त बाबाच गुंडाळायचे. मी बटण दाबलं, गादी नसलेल्या सांगाड्यावरच बसलो आणि सेल्फ मारला.

गाडी चालू झाली. माझ्या पायात बूट होते.

मी ओरडलोच. कुशनवाला दचकला. पण तो आनंद मिनिटभरही टिकला नाही. बाबांचं मोठं मन मला आता दिसलं. त्यांनी मला माफ केलं नव्हतं, कुलूप घातलं होतं. आणि किल्ली ताईच्या हातात दिली होती. बावीस वर्षं ती दर रविवारी माझ्यादेखत वाकून ते उघडत होती आणि जाताना चपला उचलायच्या निमित्तानं लावत होती.

चार दिवस मी धुमसत काढले. रविवारी सकाळी आठला गाडी काढली आणि थेट तिच्या घराजवळच्या बसथांब्यावर गेलो. ताई उभी होती, हातात फडक्यांची पिशवी. मी लांबूनच हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. तिनं गाडीकडे पाहिलं. मग वाकून खिडकीतून माझ्या बुटांकडे.

"सापडलं तर," ती म्हणाली.

"बावीस वर्षं मला वेड्यात काढलंस, ताई!"

"बाबांनी सांगितलं होतं, त्याला अक्कल आली की सांग."

"मी एक्कावन्न वर्षांचा आहे!"

"हो ना. वाट बघत होते." ती हसली, पण ते हसू लगेच गेलं. पिशवी तिनं या हातातून त्या हातात घेतली. "तुला सांगितलं असतं तर मला रविवारी कुणी बोलावलं असतं?"

"म्हणजे काय? घर तुझंच—" म्हणालो आणि थांबलो. एरवीच्या एखाद्या वारी तिला घरी बोलावल्याचं मी आठवून बघत होतो. एकही दिवस सापडेना. उलट पाऊस असला की मीच आदल्या दिवशी फोन करायचो, 'उद्या गाडी काढत नाही, येऊ नकोस.'

"हेवा तुला एकट्यालाच वाटतो असं वाटलं का तुला?" ताई म्हणाली. "घर तुझं, माणसं तुझी. माझं ते एक बटण होतं."

मागे तिची बस येऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजवायला लागली. ती बसकडे वळली. मी हात लांब करून शेजारचं दार उघडलं. ताई जराशी घुटमळली आणि बसली. त्या बाजूला बसायची तिला सवय नव्हती, पिशवी कुठे ठेवावी तेही तिला कळेना. मी घाईत गिअर खरडला. एरवी ती 'घाई करतोस' म्हणाली असती.

कोपऱ्यावरच्या फळवाल्यानं हात केला. "ताई, तुमची गाडी काय चमकतेय!" स्टिअरिंगवर मी होतो. तरीही मला झोंबलंच, खोटं कशाला सांगू.

"बुधवारी येतेस?" मी विचारलं.

"बुधवारी गाडीचं काय काम आहे?"

"गाडीचं काही नाही. जेवायला ये."

ती खाली वाकली आणि चपला काढून सीटखाली सरकवल्या. त्या बाजूला पेडल नव्हतं आणि बटणही नव्हतं.