नत्थूजींच्या बाजूची जागा

आमचे नत्थूजी यंदा साठ वर्षांचे झाले. गौरव अंकासाठी त्यांच्यावर चार शब्द लिहा, असा मंडळाचा हुकूम आला. दंडारीत नाचायला सांगा, नाचतो. लिहिणे माझे काम नव्हे. पण आज त्यांच्या जोडीला उभा राहणारा मीच आहे, तेव्हा सुटका नाही.

दिवाळीनंतर आमच्या बालाघाट जिल्ह्यात गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि भर दुपारी मैदानात दंडारी, म्हणजे ढोलकी-झांजेवर नाचणारे संच, उतरतात. खैरलांजीच्या मंडईत मी त्यांना प्रथम पाहिले. लुगडे नेसलेली एक बाई अशी गिरकी घेत होती की धुळीत दिसेनाशी व्हायची. समोर शेला बांधलेले किसनजी, तिचा धनी. "कोनाची बाई हो हे?" मी विचारले. शेजारचा म्हातारा खो खो हसला. "बाई कायची! नत्थू हाये तो, आमच्या गावचा!" त्या दिवसापासून मी या जोडीच्या मागे लागलो आणि पुढे त्यांच्याच दंडारीत झांज धरली.

तेव्हा नत्थूजी उड्या मारून नाचत. चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, उड्या गेल्या. मग ते किसनजींच्या घुंगरांकडे कान देऊन नाचू लागले. पन्नाशीनंतर तर पदर सावरायचा, मान जराशी वळवायची, की समोर रुसलेली पोरगी उभी! मग तोंडावर सुरकुत्या असोत की पुढचे दात पडलेले असोत. एकदा म्हणाले, "जवानीत मी लोकाइले नाच दाखवत होतो. आता किसनले दाखवतो. लोक पाह्यतेत, पाहू दे."

परसवाड्याला एकदा माझी आणि ढोलकीवाल्या बुधाजींची पंगत वेगळी मांडली गेली, कारण आम्ही बौद्ध दीक्षा घेतलेली माणसे. नत्थूजी लुगड्या-दागिन्यांसकट उठले आणि आमच्या शेजारी येऊन बसले. "आमची दंडार एका पंगतीत जेवते," एवढेच म्हणाले. यजमानाचे तोंड पाहण्यासारखे झाले होते. शेवटी सगळ्यांचीच पाने आमच्याकडे सरकली.

मग किसनजी वारले.

जोडीदाराच्या बाजूला पाय टाकायचा नाही, हा आमच्या दंडारीचा रिवाज. त्या वर्षी लांजीच्या मंडईत नत्थूजी एकटेच रिंगणात उतरले आणि आपल्या अर्ध्या भागातच नाचले. प्रत्येक फेरीनंतर थांबत, वाट बघत. बुधाजींच्या हाताने सवयीने किसनजींची थाप दिली. आणि पुढे बसलेल्या बाया पाय आखडून घेऊ लागल्या, नाचणारा जवळून गेला की घेतात तसे. एकीमागून एक, रांगेने. तिकडे कोणीच नव्हते. ऊन लख्ख, सावली एकट्या नत्थूजींची. ती रांग माझ्यापर्यंत आली तेव्हा मीही मागे सरलो. आईशप्पथ, खोटे सांगत नाही.

पुढल्या साली अर्ध्या जोडीची दंडार आणू नका, असे मंडईवाल्यांनी सांगितले. जोडी नाही म्हणजे दंडारच बंद. नत्थूजी माझ्या घरी आले.

"तू उभा राह्य."

"मी काहून जी? किसनजीच्या जागी मले नाई जमत."

"त्याच्या जागी कोन म्हणते? त्याच्या बाजूले राह्य."

तालीम त्यांच्या अंगणात, दुपारी. पहिल्याच फेरीत माझा पाय चुकून भलतीकडे पडला. सगळे अंगण तापलेले, तिथली माती तेवढी गार लागली. नत्थूजी नाच न थांबवता, घरात बोलावे तसे म्हणाले, "अरे, सरक ना. त्याच्या पायावर पाय देऊन राह्यला तू."

मी सरकलो. तेव्हापासून तसाच जरा सरकून नाचतो आहे, आणि दंडार चालू आहे.

गेल्या मंडईत त्यांना रिंगणातच दम लागला. खाली बसले. मी फेरी सोडून धावलो. माझा हात धरून हसत म्हणाले, "भेऊ नोको. मी गेलो तरी नाचजो. फक्त माही जागा सोडजो."

नत्थूजी, तेव्हा मी हौ म्हटले आणि घरी येऊन रडलो. तुम्हाला उदंड आणि धडधाकट आयुष्य लाभो, गुडघ्यांसकट. हे मी रीत म्हणून लिहीत नाही. मला भीती वाटते म्हणून लिहितो. एक जागा सोडून नाचायला तुम्ही मला शिकवलेत. दोन जागा सोडून नाचण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.