यार्डातली दुसरी लाइन

कामोठ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आज कुणीतरी सुकट भाजतंय. त्या वासाने मी थेट जासईच्या कंटेनर यार्डातल्या सर्व्हर रूममध्ये जाऊन पोचले. गार एसी, तापलेल्या धुळीचा वास आणि माझा उघडा डबा.

"मासळीबाजार आहे का हा?" आमचे सर नाक दाबून म्हणाले.

खोदकामात इंटरनेटची लाइन तुटली की सरच येऊन हाताने दुसऱ्या लाइनचा रस्ता लावून देत. तोवर ट्रेलर गेटवर अडकलेले. मी लिनक्सवर राउटिंग डेमन बसवला होता, म्हणजे लाइन तुटली की रस्ता आपोआप बदलणारा प्रोग्राम.

"बंद पडलं तर उद्यापासून घरी बसायचं."

घरातली पहिली पदवी माझी, पहिली पगाराची नोकरीही माझीच. "बसेन," म्हटलं आणि चालू लाइनची वायर उपटली.

लाइन चालू आहे का हे बघायला मी पिंग लावून ठेवलं होतं; स्क्रीनवर येणारी त्याची उत्तरं थांबली. सरांचा हात वायरकडे गेला.

"हात नाय लावायचा, सर!" घरची बोली तोंडातून निघाली. निघू दे.

दुसऱ्या लाइनवरून उत्तरं परत येऊ लागली.

"नशीब तुझं," सर म्हणाले.

आज वाटतं, तिथे थांबले असते तरी चाललं असतं. नाही, चाललं नसतं. वायर परत लावली, लाइन जागेवर येऊ दिली आणि त्यांच्याकडे बघत तीच वायर पुन्हा उपटली.