मी रडलो नव्हतो!

आमच्या नातीचे ठरलेले लग्न मी रडून जवळजवळ मोडीत काढले होते, असे आमच्या घरात सांगितले जाते. हे साफ खोटे आहे. मी रडलो नव्हतो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते. आणि ह्या दोहोंतला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी माझ्याविषयी बोलू नये (विशेषतः माझ्या पत्नीने).

आमची नात श्रुती जपानात मेंदूचा अभ्यास करते. समोरच्याचा चेहरा पाहून त्याचे मन मेंदूला कसे कळते, आणि देशोदेशी त्यात फरक का पडतो, हा तिचा विषय. तिच्याच प्रयोगशाळेतला केंजी तिला आवडला. "आजोबांचा आशीर्वाद मिळाला तरच लग्न," असे म्हणून तो गृहस्थ थेट जांब समर्थला आमच्या दारात हजर झाला. आता, चेहरा वाचायला मला प्रयोगशाळा लागत नाही! बैलबाजारात हयात गेली. मी बैलाचाही चेहरा वाचतो आणि विकणाऱ्याचाही.

दुर्दैवाने त्याच आठवड्यात माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते.

"काळा चष्मा लावा बरं," पत्नी म्हणाली. "डॉक्टर काय म्हणल्ते?"

"पाहुण्यासमोर? मी काय सिनेमातला गुंड हाये?"

"मंग औषधाचे थेंब तरी घाला. आत्ताच!"

घातले. त्याच क्षणी केंजी समोर येऊन बसला आणि श्रुती चहा टाकायला आत गेली. (चूक कोणाची? तिची!)

मी तोंडभर हसलो. डोळ्यांना धारा लागल्या. केंजीने पाठ करून आणलेल्या मराठीत विचारले, "आबा, तुम्ही खुश?"

"खुश! बिलकुल खुश!" मी गर्जलो. पाणी गालांवरून मिशीत, मिशीतून सदऱ्यावर!

तो एकटक माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिला. मग हसला. काय गोड हसला! उठून कमरेत वाकला आणि म्हणाला, "माफ करा." मी ताडले: पोरगा आशीर्वाद मागतो आहे, फक्त शब्द चुकला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी साऱ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, "सोयरीक पक्की! पेढे आणा!"

पेढे आले तेव्हा नवरदेव बॅग घेऊन घनसावंगीच्या खच्चून भरलेल्या प्रवासी जीपमध्ये बसला होता.

"आबा, तुम्ही रडलात?" श्रुती किंचाळली. "तो म्हणतो, आजोबांचं मन मोडून मी लग्न करणार न्हाई!"

"अगं, मी हसून राह्यल्तो! तोंड न्हाई दिसलं त्याला?"

"त्यांच्याकडं तोंडापेक्षा डोळे बघतात, आबा! तोंड काय, अवघडल्यावरही हसतं!"

"म्हणजे तो एवढा गोड हसला, ते..."

"दुःखानं!"

"अन् तुम्ही दोघं ह्याचाच अभ्यास करता?" मी विचारले. (ह्या प्रश्नाचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. नोंद घ्यावी.)

मी अनवाणी धावत सुटलो. केंजीला समजावण्यासाठी जीपमध्ये डोके घातले, तोच ड्रायव्हर ओरडला, "आबा, जल्दी सरका आत!" आणि त्याने मला मागून ढकलून दार लावले. श्रुती कशीबशी पुढे चढली. निघालो आम्ही घनसावंगीला! माझ्या हातात पेढ्यांचा पुडा, मांडीवर कुणाची तरी कोंबडी.

मला हसू फुटले. आवरेना! केंजी माझ्या कुशीत असा चेपला गेला होता की माझा चेहरा त्याला दिसणे अशक्य. पण माझे पोट गदगदा हलत होते, आणि पोटाबरोबर तोही! थोड्या वेळाने माझ्या काखेतून आवाज आला, "आबा... खरं खुश?"

"खरं खुश!"

त्याने माझा हात घट्ट धरला. श्रुतीने त्याला समजावले म्हणून जमले, असे घरचे सांगतात. ते धादांत खोटे. लग्न माझ्या पोटाने जमवले, कोंबडीच्या साक्षीने.

उसाच्या फडांमधून जीप आदळत चालली होती. केंजी एकदम शांत झाला. मी मान वळवून त्याचा चेहरा वाचला: डोळे अर्धे मिटलेले, ओठ घट्ट आवळलेले, कपाळावर तेज.

"श्रुती, बघ! पोराला आनंदानं कसं भरून आलंय!"

तिने मागे वळून पाहिले. "आबा, त्याला गाडी लागलीय! सरका!"

मी सरकलो नाही. चेहरे कोणाला वाचता येतात, तिला की मला?

धोतर नवे होते.