चिपचा फ्यूज आणि मामांचा उपाय

सौसरच्या माझ्या दुकानात मी मोटरपंपाचे स्टार्टर दुरुस्त करतो. मागच्या वर्षी, ठरल्या वेळी संत्र्याच्या बगिच्यातली मोटर आपोआप सुरू करणारा डबा बनवला. पहिला डबा मोहगावच्या मामांना कबूल केला होता. ते घ्यायला आले आणि नेमका त्याच सकाळी मी आतल्या चिपचा फ्यूज चुकीचा लावून बसलो होतो. चिप मेल्यासारखी गप्प. कॉम्प्युटर म्हणे, इथं चिपच नाही.

"काय झालं बे?" मामांनी विचारलं.

"फ्यूज चुकला, मामा."

"मंग नवी तार टाक न. तोंड पाडून काऊन बसला?"

"हा तारेचा फ्यूज नाई. चिपच्या आत काही खुणा करून ठेवा लागतात, त्याले फ्यूज म्हणतात. करंट आला का चिप प्रोग्रामच्या आधी ह्या खुणा पाहते. व्होल्टेज किती उतरलं का थांबायचं, ठोके कोणाचे ऐकायचे, सारं तिथं ठरते. प्रोग्राम पुसला तरी खुणा तशाच राहतात."

"ठोके कायचे?"

"घड्याळाचे. त्याच्याशिवाय चिप हालत नाई. तिच्या पोटात घड्याळ आहे, पण मी खूण केली बाहेरच्या घड्याळाची. अन् बाहेर तर काई लावलंच नाई."

"म्हणजे बिचारी वाट पाहून राहिली?"

"हो न."

मामा उठले, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि दोन्ही हातांनी चिपसमोर धरलं. चेहरा इतका गंभीर की मला हसताही येईना.

"तसं नाई, मामा! ठोके तारेतून द्या लागतात."

मी दुसऱ्या चांगल्या चिपला ठोके द्यायच्या कामी लावलं आणि तिची तार गप्प चिपच्या पायाला जोडली. कॉम्प्युटरला चिप दिसली! घाईघाईनं पोटातल्या घड्याळाची खूण केली, तार काढली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मामांच्या हातात घड्याळ तसंच होतं.

"पाह्य," ते म्हणाले, "उठली का नाई?"

दोन-तीन दिवसांनी मामांच्या शेताच्या बांधाला, धुऱ्याला लागून असलेले शेजारी आपला बंद स्टार्टर घेऊन आले. मी झाकण उघडलं. आत पाल अडकून मेली होती. ती काढली, साफसफाई केली, स्टार्टर चालू झाला.

शेजारी मात्र हिरमुसले. "बस, एवढंच? मामा तर म्हणे, तुमी घड्याळ दाखवता."

त्यांचं मन मोडवेना. मी भिंतीवरचं घड्याळ काढलं.